तिसरा फ्यूज

ती मेणबत्ती विझवा आधी, उगाच डोळ्यांवर येते. लाइट काही तासभर येत नाही, वीज खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस सांगतोय. आणि मघाशी "देव बघून घेईल त्याला" असं कोण म्हणालं? तू का गं? मग तूच जवळ बस. माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे, आणि तिच्या शेवटाला मी स्वतः हजर होतो.

जानेवारीची नऊ तारीख, मंगळवार, रात्रीचे पावणेआठ. आमच्या ऑफिसातला वायरमन सायकलवर टांग टाकून निघाला. काम केवढंसं, तर एका म्हातारीच्या जिन्यातला करपलेला होल्डर बदलायचा. बायकोला म्हणाला, "अर्ध्या तासात आलोच." आम्ही त्याला तुफान म्हणायचो. घास गिळायच्या आत डबा बंद करणारा माणूस, दुसरं काय म्हणणार?

म्हातारी म्हणजे त्याच्या जोडीदाराची आई. जोडीदारही वायरमनच, पण नियमाचा इतका पक्का आणि येता-जाता धडे देणारा, की त्याचं नाव पडलं गुरुजी. त्याचा एक धडा आम्हा सगळ्यांना पाठ होता. खांबावर चढणाऱ्याने खालच्या डीपीच्या, म्हणजे जिथून गल्लीची वीज सुटते त्या पेटीतले तिन्ही फ्यूज उपसायचे आणि स्वतःच्या खिशात घालूनच चढायचं. चिनी मातीचे, मुठीएवढे फ्यूज. ते वर खिशात असले की खालून कुणाच्या बापाला लाइन चालू करता येत नाही. गुरुजीचा खिसा असा टम्म फुगायचा, आणि तुफान खालून ओरडायचा, "गुरुजी, सांभाळून, अंडी फुटतील!"

हा गुरुजी त्या रात्रीच्या दीड वर्ष आधी कामावरच गेला. शॉक लागून. चौकशीत निघालं की खिशात दोन फ्यूज, पेटीत एक. म्हणजे तिसरा काढायला तो स्वतःच विसरला. खिशातले ते दोन मीच पाकिटात घातले, लाख लावून सील केले, वर सही केली. मी स्टोअरकीपर ना! ते पाकीट ठेवलं त्या कपाटाची किल्लीही माझ्याकडेच असायची.

पण खरं काय ते एकट्या तुफानला ठाऊक होतं.

गुरुजीने तिन्ही काढले होते. त्या दुपारी तुफानला लवकर घरी जायचं होतं, मुलीला सायकल आणायची होती. गुरुजी शिडीवरून उतरायला लागलेला त्याने पाहिला. उतरायला लागला म्हणजे उतरलाच, असं धरलं यानं. पिशवीत एक जादा फ्यूज होता, तो पेटीत ठोकला. निदान एक लाइन तरी चालू होईल, बाकीचे दोन गुरुजी आला की घालू. आणि गुरुजीची पक्कड वरच राहिली होती. ती घ्यायला तो परत चढला.

तुफान पेटीपासून धावत खांबापाशी पोचला तेव्हा गुरुजी खाली पडलेला. जीव नव्हता. गल्लीत अजून कुणी नव्हतं. तेव्हा त्याने काय केलं... जोडीदाराच्या खिशात हात घातला. खिसा गरम होता. तीन फ्यूजांतला एक काढून घेतला आणि मग बोंब मारली. संध्याकाळी तो फ्यूज त्याने पुलावरून नदीत फेकला.

तेव्हापासून तो शिक्षेची वाट बघत होता. रोज हात जोडायचा, "देवा, माझा पाय मोड, डोळा घे, पण पोरीला हात लावू नकोस." आणि देवाने काय करावं? याला बढती दिली. पोरगी वर्गात पहिली आली. बायकोचं जुनं दुखणं बरं झालं. प्रत्येक चांगल्या बातमीला हा चळाचळा कापायचा. त्याला वाटायचं, देव मोठा घाव घालायला हात मागे नेतोय.

तर त्या रात्री तो म्हातारीकडे पोचला. खाली शिंप्याचं दुकान, वर दोन खोल्या. भिंतीवर देवाची तसबीर होती, पण तोंड भिंतीकडे. नुसता मागचा पुठ्ठा दिसत होता.

"मावशी, ही अशी का?"

"दीड वर्ष झालं फिरवून. तुला आज दिसली होय?" म्हातारी म्हणाली. "तूच सांग बरं. माझा मुलगा विसरला असेल, तर देवाने एवढ्याशा चुकीला जीव घेतला. विसरला नसेल, तर उगीच घेतला. कुठूनही बघ, देवच वाईट निघतो. मी माझ्या पोराला लहानपणी एक चापट मारली तरी रात्री मलाच झोप लागायची नाही. आणि हा म्हणे साऱ्या जगाची आई. असल्या आईचं तोंड कशाला बघू मी?"

तुफानच्या ओठांवर आलं होतं. गिळलं त्याने. म्हणाला, "मावशी, फ्यूज काढतो. थोडा वेळ अंधार होईल."

"होऊ दे. मला काय त्याचं?"

जिन्याखाली मीटरचा बोर्ड होता. तिथला फ्यूज त्याने उपसला आणि गुरुजीच्या शिकवणीप्रमाणे पँटच्या उजव्या खिशात घातला. घर काळंभोर झालं. बॅटरी गळ्यात अडकवून तो वर आला, चपला काढून लोखंडी स्टुलावर चढला. डावा हात जिन्याच्या लोखंडी कठड्यावर. उजव्या हाताने होल्डर सोडवला आणि उघडी तार बोटांत धरली.

तेवढ्यात खिशात काहीतरी हललं.

बोटं होती. थंड. ओली. त्यांना कसलीही घाई नव्हती. चाचपत आत शिरली, जशी एकदा याची शिरली होती. फ्यूज धरला. बाहेर काढला.

तुफानने खाली पाहिलं नाही.

पायऱ्या वाजल्या. एक... दोन... तीन... खाली जाणारी, सावकाश पावलं. अकरा वर्षं ती पावलं त्याच्यापुढे चालली होती.

"गुरुजी...?"

...

खाली बोर्डाचं झाकण किरकिरलं.

तार सोडायची, बस्स. बोटं उघडायची, एवढंच काम. त्याने सोडली नाही. उलट मूठ आवळली. दीड वर्ष ज्याची वाट पाहिली, ते जिन्याखाली येऊन उभं होतं.

"घाल, गुरुजी," तो पुटपुटला. "माझ्यावरच घाल."

खट्.

...

काहीच नाही.

खोलीत लख्ख उजेड पडला. "आला रे लाइट!" आतून म्हातारी ओरडली. "झालं का काम?" आणि तार तर याच्या मुठीत. त्याने टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

अनवाणी पाय, लोखंडी स्टूल, लोखंडी कठडा, मुठीत चालू तार. मी तुम्हाला सांगतो, हा माणूस मरायलाच हवा होता. साधा चटकासुद्धा बसला नाही. मार खायला पुढे झालेल्याला कुणी जवळ घ्यावं, तसं झालं त्याचं, आणि नेमकं तेच त्याला सोसवेना. स्टुलावरून उतरून तो पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मग आत जाऊन म्हातारीच्या पायाशी बसून सगळं बोलला. जादा फ्यूज, पक्कड, खिसा, नदी. "मावशी, तो विसरला नव्हता. आणि देवाने नाही मारलं त्याला. मी मारलं."

खाली शिंप्याचं मशीन थांबलं, शटर पडलं. मग म्हातारी उठली आणि तसबीर सरळ केली. "चुकलं माझं," असं म्हणाली, पण ते तसबिरीला. मग तुफानकडे वळली.

"तुला मी माफ केलेलं नाही. करीन की नाही, ठाऊक नाही. उद्या साहेबांकडे जाऊन हेच सांग. पण आधी जिन्यातला दिवा लाव. अंधारात उतरलास तर पडशील."

पुढे नोकरी गेली, कोर्टाने द्यायची ती शिक्षा दिली. ती सोपी गेली, असं तुफान अजून म्हणतो. मला मात्र दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवते.

साहेबांना त्याचं खरं वाटेना. मला म्हणाले, "ते पाकीट आणा." मी आणलं. लाख जशीच्या तशी, सही माझी. साहेब, तुफान आणि मी, तिघांच्या देखत फोडलं. मी दोन फ्यूज ठेवले होते, याच हातांनी.

निघाले तीन.

दोन कोरडे होते. तिसऱ्यावर नदीचा गाळ होता, आणि त्यातून पाणी गळत होतं.