बारावा जोड

माणसाने माणसाकडे बघायचं ते आधी तोंडाकडे, एवढी साधी रीत. पण खुडबुडीचं सगळंच उलटं. कर-कार्यालयाच्या रांगेत तिच्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं आणि ती गर्रकन वळली, ती थेट त्याच्या पायांकडेच बघत.

"काही पडलंय का तुमचं?" मागच्याने विचारलं.

"नाही. तुमच्या डाव्या टाचेला लोखंडी नाल आहे. उजव्या टाचेला नाही."

त्याने बिचाऱ्याने एकेक पाय उचलून खरंच बघितलं. "उजवी दोन महिन्यांपूर्वी निघाली. पण तुम्हाला कसं..."

"ऐकू आलं ना. टक... मग काही नाही. टक... मग काही नाही. दारापासून इथवर तुम्ही येईपर्यंत वेड लागायची पाळी आली मला."

मग कुठे तिने मान वर केली. चष्मा कपाळावर, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, काखेत फायलींची चळत, आणि हसू दाबताना गालावर पडलेली एक खळी. तीही डावीकडेच. या माणसाचं सगळं डावीकडेच आहे की काय, असं तिच्या मनात आलं. आणि उगाचच कान गरम झाले. कानांवरच पोट असलेल्या मुलीचे कान असे तापले म्हणजे काय समजायचं ते समजा.

कानांवर पोट म्हणजे अक्षरशः. खुडबुडी हे दादाने ठेवलेलं नाव, कारण लहानपणापासून ही कशावर ना कशावर टकटक करत बसायची. आता तोच तिचा धंदा झाला होता. चित्रपटात नायक जिना चढतो ना, ती पावलं त्याची नसतात. एखादी खुडबुडी बंद खोलीत पडद्याकडे बघत, त्याच्या मापाचे बूट घालून, त्याच्या चालीने चालते आणि तो आवाज मागून चित्राला जोडला जातो. दारांची कुरकुर, कपड्यांची सळसळ, मोडलेलं हाड, सगळं तिच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत तयार व्हायचं. भिंतींना गाद्या ठोकलेल्या आणि जमिनीवर वाळू, खडी, लाकूड, फरशी यांचे चौकोन आखलेले. पगार नाही, साहेब नाही. काम मिळेल तसे पैसे.

आणि आता ही नोटीस. 'लहानसहान खर्चांची वजावट फार मागितली आहे, विशेषतः पुरुषांच्या बुटांचे अकरा जोड. लेखी खुलासा करावा व सुनावणीला मूळ पावत्यांसह हजर राहावे.' वजावट नाकारली तर कर आणि वर दंड. तेवढा भरला की खोलीचं भाडं द्यायला काही उरत नव्हतं. खोली गेली की धंदा गेला. दादाने तर आपल्या टाइल्सच्या दुकानात तिच्यासाठी काउंटरही मोकळा करून ठेवला होता. वाईट हेतूने नव्हे, मायेनेच. पण त्या काउंटरचा नुसता विचारही तिला नकोसा व्हायचा.

मागचा माणूस करसल्लागार निघाला, नुकताच स्वतंत्र झालेला. तिच्या हातातली नोटीस त्याने विचारून घेतली, वाचली, पुन्हा वाचली. पुढच्यांची रांग सरकली तरी दोघं तिथेच.

"मी ही केस घेऊ का?" तो म्हणाला. "माझी फीसुद्धा कामाचा खर्च म्हणून वजा करता येते. म्हणजे तसा मी स्वस्तातच पडतो."

"स्वस्तातला माल मी आधी वाजवून बघते," ती म्हणाली आणि नोटीस त्याच्याकडेच ठेवली.

झालं. दुसऱ्याच दिवशी तो तिच्या खोलीत खडीच्या चौकोनात मांडी घालून बसला होता आणि समोर पावत्यांची पेटी होती. पेटी कसली, उकिरडाच. त्याने एकेक पावती उचलायची, विचारायचं, हे कशासाठी, आणि तिने करून दाखवायचं. चामड्याचं जुनं पाकीट कशासाठी? तिने ते पिळलं आणि खोलीत घोड्याचं खोगीर कुरकुरलं. तांदूळ कशासाठी? तिने ते पत्र्यावर सोडले आणि भर उन्हाच्या दुपारी खोलीत पाऊस लागला. त्याने नकळत फायली छातीशी धरल्या, भिजतील म्हणून. ती इतकी हसली, इतकी हसली की शेवटी तोही हसायला लागला.

बुटांपाशी मात्र तो जरा घुटमळला. चष्मा पुसला, परत घातला.

"हे नऊ नंबरचे... म्हणजे घरात कोणी..."

"घरात कोणी नाही," ती म्हणाली, गरजेपेक्षा जरा लवकरच. मग मोजे कोंबून ते बूट तिने घातले आणि खलनायक चालवून दाखवला, दारुडा चालवून दाखवला, मुलगी बघायला आलेला घाबरट मुलगा चालवून दाखवला. हा शेवटचा बघून तो फार गंभीर झाला.

माणूस मात्र सरळ, अगदी फूटपट्टीसारखा. हाडं मोडल्याच्या आवाजासाठी तिने वर्षभरात चौदा कोबी घेतले होते. त्याने विचारलं, मोडल्यावर पुढे त्यांचं काय झालं? खाल्ले, ती म्हणाली. मग कोबी जमणार नाही, असं म्हणून त्याने यादीतली ती ओळ सरळ खोडली. जे फक्त कामासाठी तेच धरायचं. ज्यात घरचा वाटा आहे ते आपणच सांगून टाकायचं. ती भांडली, रुसली, कोबीची वकिली करून थकली. तो ढिम्म हलला नाही. त्याने तिला एक सवयही लावली. पावती हातात आली की लगेच तिच्या मागे कारण लिहायचं आणि पेटीत टाकायचं, मग कितीही लहान असो.

तीन दुपारी अशा गेल्या. चौथ्या दिवशी खुलासा दाखल झाला, सुनावणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची पडली आणि त्याला यायचं काही कारण उरलं नाही. खोली एकदम शांत झाली. शांततेतच काम करणारी मुलगी ती, पण ही शांतता तिला सोसेना.

आणि मग एका संध्याकाळी जिन्यात... टक.

टक, मग काही नाही. टक, मग काही नाही. पावलं दारापाशी आली. ती धावत येऊन आतून कडीला हात लावून उभी राहिली. आता वाजवेल, आता वाजवेल... आणि पावलं परत गेली. काही विसरला असेल, असं तिने मनाला समजावलं. पण दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. असं चार वेळा झालं आणि चारही वेळा ती कडीवर हात ठेवून उभी. आपणच उघडावं का? छे! आपण का म्हणून? आलाय ना, मग वाजवू दे की. आणि समजा उघडलं आणि तो म्हणाला, एक कागद राहिला होता, तर? तर ती तिथेच, त्या वाळूच्या चौकोनात, गाडून घेणार होती स्वतःला.

माणसाच्या मनात काय आहे ते कळण्याची तिची एकच रीत होती. त्याच्या चालीने चालायचं. तिने दुकानात जाऊन तसेच काळे बूट घेतले, आठ नंबर. मोच्याकडून डाव्या टाचेला नाल ठोकून घेतली; उजवीला का नको, हे मोच्याने दोनदा विचारलं. मग लाकडाच्या चौकोनावर ती त्याच्यासारखी दारापर्यंत चालली आणि वळली. कितीदा तरी. विसरलेला माणूस झटकन वळतो. हा तसा वळत नव्हता. याचा भार डाव्या पायावर बराच वेळ राहत होता, उजवा पुढे टाकावासा वाटत होता आणि टाकवत नव्हता. अकराव्या की बाराव्या खेपेला तिला ते पायातून कळलं आणि ती मटकन खाली बसली. हा माणूस घाबरलाय. आपण घाबरलोय ना, तसाच्या तसा.

तिला हसावं की रडावं कळेना. पावतीमागे काहीतरी खरडून तिने ती पेटीत टाकून दिली. सवय लागली होती ना!

सुनावणीच्या दिवशी ती पेटी तशीच्या तशी उचलून घेऊन गेली. अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या आणि कोणी जांभई दिली तरी पावती मागतील अशा चेहऱ्याच्या. तासभर त्या एकेक कागद यादीशी जुळवत होत्या. तो शेजारी ताठ बसला होता. तिच्याकडे बघत नव्हता, म्हणजे बघायचा आणि नजर भिडली की पुन्हा यादीकडे वळायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी बाईंनी बुटांच्या पावत्या वेगळ्या मांडल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"यादीत अकरा जोड आहेत. पेटीत बारा."

बाईंच्या हातात होती ती दहा दिवसांपूर्वीची पावती, वर मोच्याची चिठ्ठी टाचलेली. तो पुढे झुकला. ही पावती त्याने पाहिलेलीच नव्हती. तरी त्याने सावरून घेतलं. तारीख चालू वर्षाची दिसतेय, चुकून पेटीत आली असेल, कामाचीच असणार, पुढच्या वर्षी धरू, असं तो म्हणाला. खुडबुडीने नुसती मान हलवायची होती. मान हलवली की खोली वाचत होती, धंदा वाचत होता आणि अब्रूही.

तेवढ्यात बाईंनी पावती उलटी केली आणि मागचं वाचलं. मोठ्याने.

"'तो परत का जातो ते कळावं म्हणून.'" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे कोणत्या चित्रपटाचं काम?"

खुडबुडीने पेटी उगाचच स्वतःकडे ओढली.

"पुरुषांचे बूट तुम्ही घरच्या कुणासाठी घेत असाल," बाई म्हणाल्या, "तर मग बाकीचे अकरा कामाचे कशावरून? विचार करून सांगा. हा जोड कामाचा की खासगी?"

खोटं जिभेच्या टोकावर तयार होतं. पण चौदा कोबी खोडणारा माणूस शेजारी बसला होता. त्याच्या केसमध्ये, त्याच्यादेखत, त्याच्याचबद्दल खोटं बोलायचं? ते तिच्याने होईना.

"खासगी," ती म्हणाली.

"कोणासाठी?"

"एक जण माझ्या दारापर्यंत येतो आणि न वाजवता परत जातो. चार वेळा आला. मला त्याची चाल चालून बघायची होती... बाकीचे अकरा कामाचेच आहेत. हा नाही."

बाईंनी मोच्याची चिठ्ठी वाचली. डाव्या टाचेला नाल, एक. मग त्यांची नजर हळूहळू टेबलाच्या कडेवरून खाली गेली. तो इतका भांबावला की त्याने पाय चटकन खुर्चीखाली ओढून घेतला, आणि फरशीवर खणखणीत आवाज झाला.

टक.

बाईंनी पेन उघडलं. मग यादीतली कोबीची खोडलेली ओळ बोटाने दाखवत त्या म्हणाल्या, "वीस वर्षं मी इथे बसतेय. खाल्लेला कोबी स्वतःहून खोडलेली फाइल आजवर बघितली नव्हती. आणि आता हे." त्यांनी सही केली. "अकरा जोड मंजूर, बाकीचे खर्चही मंजूर. बारावा जोड खासगी, नामंजूर. या आता. आणि बाहेर जाऊन काय ते बोला, माझी पुढची सुनावणी आहे."

दोघं बाहेरच्या लांब व्हरांड्यात आली. खोली वाचली होती. नाचावं असं वाटत होतं, आणि पाय जागचे हलत नव्हते. लोक फायली घेऊन दोन्ही बाजूंनी जात होते. तो सारखा चष्मा काढत होता, घालत होता.

"का परत जात होता?" शेवटी तिनेच विचारलं.

"केस चालू होती," तो म्हणाला. "तुमची खोली माझ्या हातात होती. मी काही बोललो असतो आणि तुम्हाला आवडलं नसतं, तरी तुम्हाला माझं तोंड बघावं लागलं असतं. म्हणून सुनावणीपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. पण पाय ऐकेनात... मला तुम्ही फार आवडता. कागद सगळे झाले त्या दिवशी मी घरी जाऊन यादी पुन्हा तपासली, एखादी चूक सापडावी म्हणून. म्हणजे परत यायला कारण मिळालं असतं."

"सापडली?"

"नाही ना. काम फार चोख झालं होतं."

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले ते तिने पुसलेही नाहीत.

"चारही दिवस मी आतून कडीला हात लावून उभी होते," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. "मग उघडलं का नाहीत?"

"तू वाजवलं का नाहीस?"

मग भर व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, त्याने फायलींची चळत खाली ठेवली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.