काचेच्या पेटीतली मरळ

वडशाच्या बाजारात त्या दिवशी रुखमाच्या टोपलीत झिंगे होते, बारीक मासोळी होती आणि मांडीशी घट्ट धरलेला एक पितळी गंज होता, झाकण घातलेलं उभट पातेलं. झिंग्यांचा भाव ती खणखणीत आवाजात सांगत होती. गंजाबद्दल कोणी विचारलं की नुसती मान हलवायची. मग कोणी बघत नाही असं पाहून झाकण हळूच सरकवायची, आत डोकवायची आणि स्वतःशीच हसायची.

बघणारा एक होता. समोरच्या दुकानातून रंगाची पुडी घेऊन निघालेला. बोटं निळी, मनगट निळं, आणि कानाच्या पाळीवरही निळ्याचा एक ठिपका… त्याला त्याची खबरही नसावी.

"बाई, गंजात काय हाय?"

"पानी."

"पान्याकडे पाहून कोनी हासते का?"

"ज्याले हासाचं त्यानं हासावं, भाऊ. झिंगे घ्याचे का तुमाले?"

"झिंगे नाई. ते हासू पाहाचं हाय. कायचं हाय ते."

रुखमानं त्याच्याकडे पाहिलं. रागवावं असं वाटलं, पण कानावरचा तो निळा ठिपका आड आला. तिनं झाकण काढलं.

आत लाल पिलं होती. बोटाच्या पेराएवढी, लालभडक. सगळी मिळून एका बाजूला वळायची, सगळी मिळून परत फिरायची. भाद्रपदातलं ऊन नेमकं तेव्हाच ढगातून उतरलं, आणि गंजाच्या पितळेवर ती लाली थरथरू लागली. दोघांची डोकी गंजावर वाकली होती. बाजाराचा कालवा कुठेतरी लांब गेल्यासारखा वाटला…

आता खरं सांगायचं तर ती होती मरळीची पिलं. लहानपणी अशी देखणी, की नजर काढावी. पुढे लाली उतरते, अंग काळपट होतं, तोंडात दात येतात, आणि पोट भरलं नाही तर भाऊ भावाला गिळतो. रुखमाचा बाप मुखरू ढिवर अख्ख्या तलावाला जाळं घालायचा, पण पिलं राखणारी मरळीची जोडी दिसली की जाळं खांद्यावर टाकून परत फिरायचा. "राखनाऱ्या जोडीवर जाळं टाकाचं नाई," हा त्याच्या घरचा कायदा. कालच्या पावसात बोडीची, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याची, पाळ फुटली, पिलांचा थवा धानाच्या शेतातल्या बांधीत वाहून आला, मायबाप कुठे गेले कोण जाणे. बगळ्यांच्या आधी रुखमा पोहोचली आणि तिनं पिलं पदरात गाळून घेतली. घरी जाताना मोठ्या तलावात सोडायची, एवढाच तिचा बेत होता.

"मले देऊन टाक," तो म्हणाला.

"विकाचे नाईत."

"खाले नाई मांगत. राजवाड्यात ठेवाचे हायेत."

त्याचं नाव लच्छू. गुणवंतरावांच्या नाटक मंडळीत नवा पडदे रंगवणारा, नागपूरहून आलेला. यंदाच्या नाटकात राजाचा महाल होता, आणि महालात काचेचा हौद. चित्रातला नाही, खरा. टिनाच्या पट्ट्या, खिडकीच्या काचा आणि डांबर, एवढ्यावर त्यानं पेटी उभी केली होती. पाणी गळत नव्हतं. फक्त मासे नव्हते.

"राजाचेच मासे हायेत हे," रुखमा गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. तिला आतून हसू फुटत होतं. "नखरे लय यांचे. गांडूळ बारीक करून द्या लागते. शिळं पानी चालत नाई."

"अन् लाल असेच राह्यतीन ना?"

"राखनाऱ्यावर हाय, भाऊ."

पैसे मात्र तिनं घेतले नाहीत. म्हणाली, दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तेव्हा नाटकाला सगळ्यांत पुढे बसायला जागा पाहिजे. त्यानं मान डोलावली. रिकामा गंज पुढच्या बाजाराला आणून देतो म्हणाला, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून असा जपून चालत गेला, की बाजारातल्या बाया हसायला लागल्या. रुखमाही हसली. पण तो वळणावर दिसेनासा झाला तरी तिकडेच बघत राहिली.

पुढच्या बाजाराला तो गंज घेऊन आला. मुद्दाम घासून लख्ख केलेला.

"एक पिलू कमी झालं," तो म्हणाला.

त्याच्या पुढच्या बाजाराला, "आनखी कमी झाले." मग कधी गांडूळ पुरत नाहीत म्हणून यायचा, कधी पाणी हिरवं झालं म्हणून. शेवटी रुखमाच झिंग्यांची टोपली विकून झाली की धानाच्या गिरणीमागच्या त्याच्या टिनाच्या छपरीत जाऊ लागली. दार सताड उघडं, समोर गिरणीच्या बाया सुपं पाखडत बसलेल्या. त्यामुळे बोलायला कोणाला जागा नव्हती. तरी बोलणारे बोलत होतेच म्हणा.

छपरीत सगळीकडे पडदे टांगलेले असायचे. अरण्य, महाल, चांदण्यांचं आकाश. मधोमध ती काचेची पेटी. पत्र्याच्या फटीतून ऊन यायचं, पाण्यातून जायचं आणि चांदण्यांच्या पडद्यावर लाल सावल्या फिरायच्या. रुखमा त्या सावल्यांकडे बघत राहायची. हे आपल्याच बोडीतलं पाणी, आपलीच पिलं… आणि तरी असं स्वप्नात आल्यासारखं का वाटतं, तिला कळायचं नाही.

"एकमेकाले खाऊन राह्यले काऊन हे?" लच्छूनं विचारलं.

"मोठे अन् लहान येगळे करा लागते." ती चहाच्या गाळणीनं पिलं निवडत होती. तो दुसरं भांडं धरून उभा होता. "बोडीत यांचे मायबाप राखतात. एक खाली, एक बाजूले. एकट्यानं नाई राखल्या जात हे. जोडी लागते."

बोलून गेली आणि तिचे कान तापले. लच्छूनं भांडं पुढे केलं, ते कललं आणि पाणी तिच्या हातावर सांडलं.

त्या दिवशी निघताना तिनं त्याला "भाऊ" म्हटलं नाही. त्यानंतर कधीच म्हटलं नाही.

नवरात्रात ती छपरीत गेली, तेव्हा गुणवंतराव तिथे उभे होते. मंडळीचे मालक, आणि राजाचं सोंगही त्यांचंच. ते गेल्यावर लच्छू जरा हसून म्हणाला, "मालकानं साफ सांगून टाकलं. तुह्या गावच्या मंडईले हौद रंगला तर मी बारा महिने मंडळीत. नाई रंगला तर नागपूरची गाडी."

रुखमानं पेटीकडे पाहिलं. पिलांच्या अंगावरची लाली केव्हाच फिकी पडली होती, पाठीवर काळ्या रेघा उमटल्या होत्या. गंमत म्हणून दिलेले मासे याला गाडीत बसवून पाठवणार होते… आणि त्या गाडीच्या वाटेकडे आपण बघत राहणार, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

"हे राजाचे मासे नाईत," ती म्हणाली. "मरळ हाय. काळे होतीन. दिवाळीपर्यंत एखांदा राह्यला तर राह्यला."

"मले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"माहा बाप आरमोरीचा ढिवर होता, रुखमा. तो गेल्यावर मामानं नागपूरले नेलं. मरळीचं पिलू नाई वळखीन मी?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मंग घेतले काऊन?"

"तू गंजात पाहून हासली होतीस. मले दुसरं काई मांगता आलं नाई." तो पडद्याच्या कडेला उगाचच बोटानं रंग लावू लागला. "वाटलं, मंडईवरी टिकंन लाली. नाई टिकली. पन इतके बाजार तं भेटले…"

गिरणीच्या बाया सुपं पाखडत होत्या. रुखमानं पदरातली गांडुळांची पुडी काढून त्याच्या हातात दिली, आणि हात लगेच मागे घेतला नाही.

दिवाळी झाली. गावोगाव मंडई भरू लागली. दिवसा पाहुणेरावळे, पोह्या-मुरमुऱ्यांची दुकानं, दंडारीचे नाच, आणि सांज झाली की नाटक. रुखमाच्या गावची मंडई आली तेव्हा पेटीत एकच मरळ उरली होती. वीतभर, काळीशार, तलवारीसारखी ताठ. बाकीच्या सगळ्या तिच्या पोटात.

दिवस बुडाला, गॅसबत्त्या पेटल्या. रुखमा सगळ्यांत पुढे बसली होती, ठरल्याप्रमाणे. मागे दोन ओळी सोडून मुखरू, खांद्यावर घोंगडं. पडदा वर गेला. काचेच्या हौदात बत्तीचा उजेड शिरला आणि पाणी सोन्याचं झालं. लोक माना उंचावून बघू लागले. मागच्या पडद्यावर महाल नव्हताच. लच्छूनं बोडी रंगवली होती, तिची पाळ, कमळाची पानं, आणि पाळीवर गंज घेऊन वाकलेली एक पोरगी. तिचं तोंड दिसत नव्हतं. रुखमाला ते दिसायची गरज नव्हती. उद्याची गाडी आठवून तिचे डोळे भरले.

गुणवंतराव मुकुट सावरत हौदाजवळ आले. "प्रधानजी, पाहा, आमच्या हौदातली सोनेरी मासोळी…"

मरळीनं ते ऐकलं की काय, कोण जाणे. तिनं शेपटी झाडली, पेटीच्या काठावरून सुळकन उडी घेतली आणि थेट पुढच्या ओळीत आली.

बाया ओरडून बाजूला झाल्या. रुखमाचे हात आपोआप पुढे गेले. गालाखाली दोन बोटं, पोटाखाली तळवा. ढिवराच्या लेकीच्या हातून मरळ सुटत नसते. ती उभी राहिली. शेकडो माणसं, गॅसबत्तीचा लख्ख उजेड, आणि तिच्या हातात वळवळणारा राजाचा मासा.

मग गुणवंतराव, जन्माचे नट, कमरेवर हात ठेवून गरजले, "कोण ही, जिच्या हाती आमच्या हौदातला मासा आपण होऊन गेला?"

मंडप हशानं आणि टाळ्यांनी दणाणला. विंगेतून लच्छू पाण्यानं भरलेला गंज घेऊन धावत आला, तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. दोघांची डोकी पुन्हा गंजावर वाकली.

"एकट्यानं नाई राखल्या जात म्हनली होतीस ना," तो इतक्या हळू म्हणाला, की मरळीलाही ऐकू गेलं नसेल.

"हो."

"मंग?"

"मंग काय… गंज सरळ धर. पानी सांडून राह्यलं."

पण ती रडत होती, आणि हसत होती, आणि त्याच्या बोटांवरची तिची बोटं तशीच होती. साऱ्या गावानं ते पाहिलं.

नाटक संपल्यावर शेजारच्या गावचे लोक गुणवंतरावांना घेरून उभे होते. त्यांनाही मंडईला हेच नाटक पाहिजे होतं, मासा उडतो ते. "लच्छू," गुणवंतराव मुकुट काढत म्हणाले, "गाडी-बिडी राहू दे. उद्या दुसरी मरळ पाह्य."

पहाटेच्या धुक्यात रुखमा आणि लच्छू गंज घेऊन तलावाच्या पाळीवर आले. मागोमाग जाळं घेऊन मुखरू आला, आणि त्याच्यामागे कान टवकारून आशाबाई, रुखमाची काकू.

"मुखरूभाऊ," आशाबाई म्हणाली, "साऱ्या मंडईनं पाह्यलं. आता काईतरी बोल तू."

गंज कलला, मरळ पाण्यात उतरली, जराशी थांबली आणि कमळाच्या पानाखाली गेली. एका काठाला रुखमाचा हात होता, दुसऱ्या काठाला लच्छूचा. म्हाताऱ्यानं ते दोन हात पाहिले.

"मी काय बोलू, बाई," तो म्हणाला. "राखनाऱ्या जोडीवर मी जाळं टाकत नाई."

आणि जाळं खांद्यावर टाकून तो घराकडे परत फिरला.