ओल्या मातीत सुकलेलं रोप

टोमॅटोचं सातवं रोपही मेलं. ते तहानेनं मरावं तसं मान टाकून मेलं होतं, पण ईश्वरीनं डब्यात बोट घातलं तर माती चिंब ओली होती.

चंद्रावरच्या त्या वस्तीत अकरा माणसं होती. ‘क’ जीवनसत्त्वाच्या (हिरड्या धड ठेवणारं, जखमा भरून आणणारं सत्त्व) गोळ्यांचा मोठा साठा अपघातात गेला होता. उरलेल्या निम्म्या-निम्म्या घेतल्या तरी चार महिने पुरणार होत्या, आणि यान यायला दहा महिने होते. ईश्वरीच्या धाकट्या भावाच्या, मल्हारच्या, हिरड्यांतून आताच रक्त येत होतं. टोमॅटोच्या बिया उरल्या होत्या दोन.

रोपांची काळजी घेण्यात कुणी कसूर केली नव्हती. दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे घेऊन ईश्वरीनं तळाला भोकं पाडली होती. जेवणाआधी प्रत्येकानं आपल्या वाटणीच्या पाण्यातला एक घोट रोपांना द्यायचा, हा रिवाजही तिनंच घातला होता. स्वतःचे ओठ फुटले तरी कुणी तो मोडला नाही.

मेलेलं रोप घेऊन ती सुमतीआत्याकडे गेली. सुमतीआत्या मातीची शास्त्रज्ञ. नात्यानं कुणाचीच आत्या नव्हती, पण साऱ्या वस्तीची आत्या होती. तिनं कात्रीनं डबा उभा कापला. कुजका वास आला. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती.

“बुडून मेलंय हे,” आत्या म्हणाली.

“पण खाली भोकं आहेत ना.”

“त्यांतून कधी थेंब गळलेला पाहिलास?”

ईश्वरीनं आठवून पाहिलं. खालची ताटली कायम कोरडीच असायची. रोपं सगळं पाणी पितात, असं समजून ती खूश व्हायची.

आत्यानं एक स्पंज भिजवून उचलून धरला. पृथ्वीवर असता तर त्यातून धार लागली असती. इथे मोजके थेंब संथपणे पडले आणि बाकीचं पाणी आतच राहिलं. मग आत्यानं तिला नीट समजावलं. मुळंही श्वास घेतात, त्यांना प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींत तो असतो. पृथ्वीवर पाणी घातलं की मोठ्या फटींतलं पाणी गुरुत्वाकर्षणानं (जमिनीच्या ओढीनं) खाली निघून जातं आणि तिथे हवा शिरते. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढी. ती पाण्याला खाली खेचायला कमी पडते. पाणी कणांना चिकटून बसतं, फटी भरून जातात आणि मुळं गुदमरतात. गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून रोप पाण्यात उभं राहून सुकतं.

ईश्वरीनं ती कुजकी मुळं बोटांत धरून पाहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी मारली सगळी.”

आत्यानं तिची समजूत घातली नाही. “अकराजणांनी मारली. जीव लावून. मीही त्यातलीच, आणि मला तर कळायला हवं होतं. चल, फुटके कप गोळा कर.”

दोघींनी चिनीमातीचे कप कुटले, चाळले आणि साबुदाण्याएवढे दाणे तेवढे मातीऐवजी डब्यात भरले. दाणे मोठे, म्हणजे फटी मोठ्या. मोठ्या फटींत पाण्याची पकड ढिली. ईश्वरीच्या आईच्या जुन्या सुती ओढणीची एक पट्टी त्यांनी डब्याच्या भोकातून वर घेतली आणि तिचं दुसरं टोक खालच्या वाटीत सोडलं. धाग्यांमधल्या बारीक फटींतून पाणी आपोआप चढतं. याला केशाकर्षण म्हणतात. दिव्याची वात तेल ओढते ना, तसंच. वरून थेंबही घालायचा नव्हता.

उरलेल्या दोन्ही बिया त्यात पेरल्या. एक बी उगवलंच नाही. दुसऱ्याला सहाव्या दिवशी कोंब आला.

संध्याकाळी मल्हार आपला पेला घेऊन डब्यापाशी आला. ईश्वरीनं त्याचा हात धरला. रोपाला तहान लागली असेल, असं म्हणून तो रडू लागला. पट्टी कशी काम करते ते तिनं त्याला बोट लावून दाखवलं, आणि त्याचा घोट त्यालाच प्यायला लावला.

महिन्याभरात रोप वीतभर झालं. त्या दिवशी मल्हारनं विचारलं, “टोमॅटो कधी येतील?”

खोटं सांगावं असं ईश्वरीच्या मनात येऊन गेलं. पण ती म्हणाली, “अजून दोन महिने. तोवर दुखेल. सावकाश चाव.”

त्यानं मान हलवली. डब्याच्या तळाच्या भोकातून एक मूळ बाहेर डोकावत होतं, पांढरंशुभ्र. त्यानं ते आधी पाहिलं आणि ताईला वाकून दाखवलं.