बोट लावायचं नाही

आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी हजेरीचं यंत्र आहे. बोट टेकवलं की हिरवा दिवा लागतो आणि पडद्यावर आपला फोटो येतो. माझ्या वेळी मात्र ते रोज लाल दिवा लावून 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं. तांब्याच्या पट्ट्या घासून घासून माझ्या बोटांवरच्या रेषाच गेल्या आहेत. मग पहारेकरी हसतो आणि माझी हजेरी हाताने मांडतो.

पट्ट्यांचं काम समजायला सोपं आहे. डॉक्टर जीभ बघून पोटातलं ओळखतात, तसं आम्ही तांबं बघून तेलातलं ओळखतो. पट्टी घासून आरशासारखी करायची, डिझेल भरलेल्या काचेच्या नळीत बुडवायची आणि ती नळी गरम पाण्यात तीन तास ठेवायची. पट्टी चकचकीत राहिली तर तेल चांगलं. काळवंडली तर तेलात काहीतरी आहे. पथ्य एकच. घासलेल्या पट्टीला बोट लावायचं नाही, ती चिमट्यानेच धरायची. नाहीतर बोटाचा घाम तांब्याला लागतो आणि तिथे काळा ठसा उमटतो. ठसा दिसला की चूक तेलाची नव्हे, तपासणाऱ्याची. चाचणी बाद. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे शिकवते, मग बाकीचं.

टाक्यांवरून नमुने आणायचा तो साडेचार. डाव्या हाताची तर्जनी अर्ध्यातून तुटलेली, म्हणून सगळे त्याला साडेचार म्हणत आणि तोही खुशीत ओ देई.

"बाई," बाटली टेबलावर ठेवत तो म्हणायचा, "तुमच्या बोटांना रेषा नाहीत, माझं बोटच पुरं नाही. आपण दोघांनी दरोडा घातला तर पोलीस वेडे होतील."

"आधी बाटलीचं बूड पूस. म्हणे दरोडेखोर! जाशील तिथे ठिबकत जातोस."

त्या सोमवारी सात नंबरच्या टाकीचा नमुना दुसऱ्याच कुणीतरी आणून दिला. साडेचार शुक्रवारपासून दिसला नव्हता. फाटकाशी त्याची बायको उभी होती. मला बघून पुढे आली.

"ताई, टाकी धुवायची आहे म्हणून गेले ते. नंतर घरी आलेच नाहीत."

मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. त्यांनी मानही वर केली नाही. "पळाला असेल. तुम्ही सातचा निकाल द्या. संध्याकाळी वरून आणखी तेल भरायचं आहे."

सातची टाकी शुक्रवारीच घाईने बंद करून भरली होती, हे मला ठाऊक होतं. तेल पास झालं तर तिच्यावर भर पडत राहणार आणि ती वर्षानुवर्षं उघडणार नाही. नापास झालं तर ती रिकामी करून उघडावी लागते. आमचा नियमच तसा आहे.

पहिली तपासणी ज्योतीची. झाकणाच्या पितळी भांड्यात तेल हळूहळू तापवायचं आणि मध्येमध्ये झाकणाची खिडकी उघडून आत इवलीशी ज्योत दाखवायची. तेलाची वाफ पुरेशी झाली की निळा भपका उठतो. मी खिडकी उघडली आणि ज्योत विझली. पंखा बंद होता. तेलात पाणी असलं तरी असं होतं, म्हणून पाणी तपासलं. थेंबभरही नव्हतं. पुन्हा ज्योत पेटवली. पुन्हा विझली. आतून कुणीतरी हलकी फुंकर मारल्यासारखी.

ते बाजूला ठेवलं आणि पट्टी लावली. तीन तासांनी काढली तर तिच्यावर अंगठ्याचा ठसा होता, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट.

मी पट्टी उलटसुलट करून बघितली. माझ्या अंगठ्याला रेषा कुठे आहेत?

तेवढ्यात साहेब आले. "बोट लागलं तुमचं. वय झालं, बाई. चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"मग तुम्ही लावा," मी म्हटलं. "हातमोजे घाला. मी टेबलाला हातही लावणार नाही."

ते चिडले, पण बसले. मी सांगत गेले तशी त्यांनी पट्टी घासली, पुसली, चिमट्याने नळीत सोडली. मग आम्ही दोघं समोरासमोर बसून राहिलो. चहा आला आणि तसाच गार झाला. त्यांची नजर सारखी खिडकीबाहेर, सात नंबरकडे जात होती.

वेळ भरली. साहेबांनी चिमटा घातला आणि पट्टी ओढली.

ती येईना.

"अडकली," ते म्हणाले.

"नळी सरळ आहे. अडकायला आत काही नाही."

त्यांनी जोर लावला. नळीतलं तेल एकदा हेलकावलं. मग पट्टी सुटली. कुणीतरी सोडली, असंच मला वाटलं.

एका बाजूला अंगठा. दुसऱ्या बाजूला चार बोटं, ओळीने. तीन काठापर्यंत पोचलेली. वरचं अर्ध्यातच संपलेलं, बोथट, बिनरेषेचं.

साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. "ठसा आहे. म्हणजे चाचणी बाद. नियम तुमचाच. पास लिहून टाका."

"बाद म्हणजे पास नव्हे."

"बाई!"

"ठसा म्हणजे तपासणाऱ्याची चूक. तपासणारे तुम्ही. मोजे तुमच्या हातात आहेत. मग हा हात कुणाचा?"

त्यांनी मोजे ओढून काढले आणि टेबलावर टाकले.

मी 'नापास' लिहिलं आणि खाली सही केली.

"उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या बघू. टाकी आज उघडायची."

मी पट्टी चिमट्यात धरून आवारातून चालत गेले. टाक्यांवरच्या माणसांना ती दाखवली. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. उन्हं उतरायच्या आत तेल दुसऱ्या टाकीत गेलं आणि झाकणाचे नट निघाले.

साडेचार शिडीच्या पायाशी होता. डावा हात वर.

साहेबांनी चौकशीत लिहून दिलं, की शुक्रवारी तो कामावर नव्हताच, यंत्रात त्याची हजेरी नाही. खरंच नव्हती. आता त्याचं नावही यंत्रातून काढलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी आले. मला कुणी अडवलं नाही. सवयीने बोट टेकवलं.

हिरवा दिवा लागला. पडद्यावर साडेचारचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'हजर'.

पहारेकरी उठून उभा राहिला. "बाई, हे..."

"असू दे. तू माझी हाताने मांड."

साहेबांनी माणूस बोलावून ते नाव पुन्हा काढायला लावलं, मग पुन्हा एकदा. त्यांना काढायचं तितकं काढू दे. मी रोज सकाळी बोट लावते, आणि ज्याला ते गैरहजर म्हणाले तो रोज हजर होतो.

संध्याकाळी निघतानाही मी तेच बोट टेकवते. तेव्हा मात्र लाल दिवा लागतो. साडेचारची आल्याची नोंद होते, गेल्याची होत नाही.