रत्नवाटीचे सहावे स्थळ

पहाटेचा चौघडा झडू लागला, पूर्वेच्या डोंगरामागे तांबडे फुटले आणि रत्नवाटी या पुरातन नगरीचे काळे तट धुक्यातून हळूहळू वर आले, तेव्हा हत्तीदरवाजापाशी भानजी दर्शने हातात वेताची काठी घेऊन ताठ उभा होता आणि आतल्या आत संतापाने जळत होता.

अकरा पिढ्या दर्शन्यांच्या घराकडे एकच चाकरी होती. परमुलखातून आलेल्या मानकऱ्याला मुजऱ्यास नेण्याआधी नगरीची पाच स्थळे दाखवायची: हत्तीदरवाजा, सहस्रदिव्यांची दीपमाळ, राजांच्या समाध्या, अत्तरपेठ आणि सात मजली बारव. मग भर दरबारात, पाहुण्यासमक्ष, काय काय दाखवले ते खड्या आवाजात सांगायचे. याला पाहणी म्हणत. पाहणी खोटी सांगायची नाही, अर्धी सांगायची नाही, आणि ती चालू असता खुद्द राजानेही मध्ये बोलायचे नाही, असा बेलभंडार उचलून, शपथ घेऊन पाळलेला शिरस्ता होता. सहावे एक स्थळ होते. डोंगरातल्या तलावाचे पाणी भुयारी पाटाने नगरात येई, त्या पाटाचे मुख. ते ठाऊक राजाला आणि दर्शन्याला, तिसऱ्या कोणाला नाही. परक्याला जो ते दाखवील त्याला नगरबंदी, म्हणजे जन्मात पुन्हा वेशीच्या आत पाऊल नाही.

आदल्या दिवशी दिवाण हैबतरावांनी भानजीला बोलावून घेतले होते. हैबतराव म्हणजे तरुण रायाजीराजांचे सख्खे मामा. राजांच्या दालनावर पहारे यांचे, खलबतात शब्द यांचा.

"दर्शने, उद्या भैरवगडचे वकील त्रिंबकराव येत आहेत. त्यांस पाण्याचे मुखही दाखवावे."

"मामासाहेब, भैरवगडची फौज तीन मजलांवर तळ देऊन आहे. पाट फोडला तर बारवही आटेल, आठ दिवसांत माणसे पाण्यावाचून तडफडतील. लेकरेबाळे आहेत नगरात!"

"ती चिंता करावयास तुम्हांस नेमले नाही. नकार दिलात तर आमचा कोतवाल तुमच्याकडून ठिकाण वदवून घेईल. आणि दरबारात पाचच स्थळे सांगा. सहावे उच्चारलेत तर नगरबंदी तुम्हांसच भोगावी लागेल, आम्हांस नव्हे."

एवढे बोलून त्यांनी विड्याचे तबक पुढे सरकवले. भानजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जे पाणी पिऊन वाढलो त्याच पाण्याचा हा सौदा, आणि वर विडा! भानजीने विडा घेतला नाही, पण मुजरा केला आणि म्हणाला, "आज्ञा."

त्रिंबकराव आले ते शुभ्र जामा घालून, हातात जपमाळ घेऊन. बोलणे असे की लोणी लाजावे. दीपमाळेपाशी त्यांनी हात जोडले, समाध्यांपुढे डोळे टिपले. भानजी मात्र त्यांच्या बोटांकडे पाहत होता. वकील चालत तेव्हाच मणी सरके, थांबले की माळही थांबे. ओठ तर हलतच नव्हते. शंभर पावलांना एक मणी! देवाचे नाव घ्यायच्या माळेवर हा गृहस्थ नगरीचे माप घेत होता.

बारव झाली. भानजी त्यांना करवंदीच्या जाळीतून चिंचोळ्या वाटेने वर घेऊन गेला आणि एका शिळेवर त्याने काठी ठेवली. खालून पाण्याचा गंभीर आवाज येत होता.

"हेच का ते?" माळेला हळूच लाल दोरा बांधत वकिलांनी विचारले.

"हेच. दर्शन्यांच्या घराण्याने आजवर खोटे स्थळ कोणाला दाखवलेले नाही."

दुपारी दरबार भरला. सरदार, मानकरी आपापल्या बैठकीवर बसले. हैबतराव मिशीवर हात फिरवत होते. भालदाराने पुकारा केला आणि भानजी पुढे आला.

"महाराज, पाहणी ऐकावी. पहिले स्थळ हत्तीदरवाजा. दुसरे दीपमाळ, तिसरे समाध्या, चौथे अत्तरपेठ, पाचवे बारव." तो थांबला. पुढच्या एका शब्दाने अकरा पिढ्यांचे घर हातचे जाणार होते. "सहावे स्थळ पाण्याचे मुख! दिवाण हैबतरावांच्या हुकुमावरून दाखवले. बारवेपासून तिथवर पाहुण्यांनी अकरा मणी सरकवले. माळ त्यांच्या हातात आहे, अकराव्या मण्यापाशी लाल दोरा बांधला आहे."

हैबतराव ओरडले, "गप्प बैस, हरामखोरा!"

"पाहणी चालू आहे, मामा," राजे पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाले.

माळ हिसकावली गेली. लाल दोरा सर्वांनी पाहिला. वकिलांना सन्मानाने पण कडेकोट पहाऱ्यात अडकवून ठेवले, महिनाभरात पाटाचे मुख बुजवून दुसरीकडे नेले, आणि पाणी तुटत नाही म्हटल्यावर भैरवगडची फौज तळ मोडून निघून गेली. नगर वाचले.

आणि न्याय? हैबतरावांना तीर्थयात्रेस धाडले, पालखीतून, भोयांसकट. राजांचे मामा ना ते! भानजीला नगरबंदी. ज्यांना दिवाणांचे बेत महिनाभर ठाऊक होते आणि जे मूग गिळून बसले होते, तेच मानकरी उठून म्हणाले की शिरस्ता मोडू नये, महाराज. महाराजांनी मान खाली घातली.

"वर पाहावे, महाराज," भानजी म्हणाला. "शिक्षा मला मान्य आहे. देताना डोळ्याला डोळा तरी भिडवा!"

राजांनी वर पाहिले नाही.

भानजी हत्तीदरवाजातून पायी बाहेर पडला आणि समोरच्या चिंचेखाली बसला तो कायमचा. वाटसरू विचारीत, "बाबा, या नगरीत पाहण्याजोगे काय आहे?" तो पाचही स्थळे सांगे, कुठे ऊन कधी येते, कुठली पायरी निसरडी आहे तेही सांगे. मग काठी उचलून दरवाजाकडे रोखून म्हणे, "आणि दरबारात गेलात तर बघा, खरे बोलणारा कोणी उरला आहे का. परतताना मला सांगून जा. अर्धे सांगू नका."