समुद्रातला नांगर

निशातगंजच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकाच जाडजूड शब्दकोशावर दोन हात एकदम पडले. एक क्षितिजाचा. दुसरा... ज्याचा होता त्याचे डोळे असे मिश्किल, की बस्स!

"पहले मैंने देखा."

"आगाऊ कुठला!" क्षितिजा पुटपुटली. लखनौत मराठी कुणाला कळतंय?

"आगाऊ? ये तो आई रोज़ बोलती है मुझे!"

क्षितिजाचे कान लालेलाल! हा अमोघ. वडील हवाई दलात. मराठी सगळी कळायची, बोलायचा मात्र हिंदीच. शाळा वेगळ्या, पण आंतरशालेय स्पर्धेत दोघांनाही एकच इंग्रजी शब्द आलेला – अँकर. त्याचं कूळ शोधायचं होतं.

"साथ ही पढ़ लीजिए आप लोग," दुकानदार हसले.

मग काय, एका बाकावर दोन डोकी! इंग्रजीतून लॅटिन, लॅटिनमधून ग्रीक, आणि मागे, खूप मागे, 'वाकणं' असा अर्थ असलेला एक धातू. त्याचंच संस्कृतातलं लेकरू – अंक.

"म्हणजे आपला अंकुश!" क्षितिजा उडालीच. "आणि अंक म्हणजे कुशीसुद्धा..." एवढं बोलून तिने घाईघाईने पान उलटलं.

"मराठी में अँकर को क्या कहते हैं?"

"नांगर."

"समुंदर में खेती?"

"आणि तुमचा हिंदीतला लंगर? समुद्रात गुरुद्वाऱ्यातली जेवणावळ?"

स्पर्धा संपली, पण शब्द काही संपेनात. दर शनिवारी तोच बाक. आणि एका शनिवारी अमोघ शब्दकोश न उघडताच म्हणाला, "पापा की पोस्टिंग... जोधपुर. हमारा घर कहीं लंगर नहीं डालता, यार."

'जाऊ नकोस' हे दोन शब्द. त्यांचं मूळ तिला पक्कं ठाऊक होतं, पण ओठांवर येतील तर शपथ!

चारबाग स्टेशनला गाडी लागली. अमोघचे आईबाबा डब्यात सामान लावत होते. तो दारात उभा. आज नाही तर कधीच नाही! क्षितिजा धावतच पुढे झाली.

"अमोघ, तू... मला आवडतोस. झालं! बोलले!"

तो दारातून तिच्याकडे वाकला. मग आयुष्यात पहिल्यांदाच, अडखळत, मराठीत म्हणाला, "कॉलेजला... मी इथेच येणार. मी ना... इथेच नांगरलो आहे."

क्षितिजाला रडता रडता हसू फुटलं. "अरे, नांगरतात ते जहाज! नाहीतर शेत!"

"ग़लत बोला? फिर सही क्या है?"

गाडी हलली. ती दोन पावलं सोबत चालली.

"राहू दे," ती ओरडली, "असंच म्हण!"