काढ्यातले औषध गेले कुठे?

काढा पाण्यासारखा नितळ झाला होता, आणि औषध मोजणाऱ्या मापकावर आकडा होता शून्य.

शाल्मलीने मापकाची नळी पुसून पुन्हा बुडवली. शून्यच. तासाभरापूर्वी याच काढ्यात भरपूर औषध होते.

चंद्रावरच्या शशिनगर वसाहतीत शाल्मलीची आई खाणीतली गाडी चालवायची. तिथली टोकदार धूळ आईच्या छातीत गेली आणि खोकला थांबेना. वसाहतीच्या डॉक्टर लिन आजी. त्यांनी चीनहून आणलेल्या रोपांच्या मुळ्या उकळून काढा केला. तो धुक्यासारखा श्वासातून द्यायचा होता, पण दाट काढ्याने यंत्राची बारीक भोके बुजली. मुळ्या संपल्या होत्या आणि नवे पीक यायला दीड महिना होता.

“काढा पटलातून गाळून ठेव,” असे सांगून आजी आईला तपासायला गेल्या. पटल (अतिसूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा) दोन प्रकारचे होते. शाल्मलीने जास्त बारीक छिद्रांचे निवडले. जितके बारीक, तितके शुद्ध, असा तिचा हिशेब.

आता पटलावरच्या टाकीत गढूळ, चिकट रस तेवढा राहिला होता. निदान टाकी तरी धुऊन ठेवावी म्हणून तिने तळाच्या तोटीला हात घातला.

“थांब. काय ओततेस?” दारातून लिन आजींनी विचारले. पुण्यात वीस वर्षे काढल्यामुळे त्यांचे मराठी अस्खलित होते.

“गाळ आहे, आजी. चोथा,” शाल्मली म्हणाली. “औषध नाहीसं झालं. मी आईचं औषध घालवलं.”

“नाहीसं कसं होईल? खाली नाही, तर कुठे असेल?”

शाल्मलीने टाकीकडे पाहिले. “वर?”

“चहा गाळून गाळून तुम्हा लोकांना वाटतं, खाली पडलं ते आपलं आणि वर राहिलं ते टाकायचं. मग चक्का कसा करता गं?”

“दही फडक्यात बांधून टांगतो. पाणी गळून जातं आणि...” ती थबकली. “चक्का वर राहतो.”

“मला तर पुणं सोडताना माणसांपेक्षा श्रीखंडाचं जास्त वाईट वाटलं,” आजी म्हणाल्या. “आता नीट ऐक. काढ्यात तीन प्रकारचे रेणू (पदार्थाचे अतिशय लहान कण) आहेत. डिंकाचे आणि पिठाचे अवाढव्य. औषधाचे मध्यम. पाण्याचे चिमुकले. तुझ्या पटलातून कोण गेलं?”

“फक्त पाणी. औषध डिंकाबरोबर वरच अडकलं.”

“मग आता?”

शाल्मलीने खालचे पाणी टाकीत परत ओतले आणि मोठ्या छिद्रांचे पटल बसवले. आजींनी पंप असा लावला, की रस पटलावर दाबून न बसता त्याच्या अंगावरून वाहत राहील. वाहता रस छिद्रांवरचा डिंक झाडत जातो. खाली फिकट सोनेरी पाणी जमले. डिंक वर राहिला.

“हा चहा झाला,” शाल्मली म्हणाली. “पण औषध खूप पातळ आहे. आता याचा चक्का करायचा. बारीक पटलातून पाणी काढून टाकायचं आणि वरचं ठेवायचं.”

“आणि उकळून का आटवायचं नाही?”

तिने जरा विचार केला. “फार वेळ उकळत ठेवलं तर औषध बिघडेल?”

“काही औषधं बिघडतात. पटलाने आटवलं तर चूल पेटवावीच लागत नाही.”

तासाभराने टाकीत दोन पेले स्वच्छ, मधाच्या रंगाचे औषध उरले. मापकाचा आकडा झरझर चढला. धुक्याच्या यंत्राची भोके या वेळी बुजली नाहीत.

आईने मुखवटा लावून औषध ओढले. दुपारपर्यंत चारदा. संध्याकाळच्या भोंग्याला ती उठून बसली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा न अडखळता अख्खे वाक्य बोलली, “शाल्मले, केसांत काय डिंक माखून घेतलायस, आणि ही अशीच जेवायला बसणार आहेस का?”

लिन आजी हसून उठल्या. हरितगृहात इतर चाळीस जातींची औषधी रोपे होती, आणि कुणाच्या रसाला कोणते पटल लागेल हे अजून कुणीच तपासले नव्हते. त्यांनी वहीत चाळीस नावे लिहिली आणि वही शाल्मलीच्या पुढ्यात ठेवली.

“उद्या शाळा सुटल्यावर ये,” त्या म्हणाल्या. “पहिलं नाव तू निवड.”